गलांडा माळावर उधळावा का?

कोरडवाहू | १० जून, रात्री १०:४०

मंडळी, दोन वर्षं इथं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चूकभूल पोटात घाला.

उत्तर सोलापूर तालुक्यात आमची अडीच एकर जमीन. दीड एकर बरी काळी आहे, तिच्यात रब्बीला ज्वारी. उरलेला एकर म्हणजे नुसता मुरूम. वीतभर खणलं की पहार वाजते. हा तुकडा गावच्या माळाला लागून आहे. बोअरचं पाणी जानेवारीपर्यंत, पुढं रामभरोसे.

मेव्हण्याच्या नादानं दोन वर्षांमागं या मुरमात दहा गुंठे गलांडा लावला. (पुस्तकात गेलार्डिया म्हणतात. तांबडी फुलं, कडेला पिवळी, आपल्याकडं देवाच्या हारात शेवंतीच्या जोडीला असतात ती.) पहिल्या नवरात्रात पैसे झाले. पुढच्या उन्हाळ्यात परत लावला आणि मे महिन्यात असा भाव पडला, की पट्टीत हमाली-तोलाई वजा होऊन टेम्पोचं भाडंसुद्धा निघेना. तोडणी थांबवली, झाडं तशीच वाळू दिली.

गंमत पुढंच आहे. पाऊस पडल्यावर बांधावर, कुंपणापलीकडं मुरमात, गाडीवाटेच्या कडेला चाळीस-पन्नास झाडं आपोआप उगवली. पाणी नाही, खत नाही, खुरपणी नाही. शेळ्यांनीही तोंड लावलं नाही. दिवाळीपर्यंत फुलत होती बिचारी.

आता डोक्यात किडा वळवळतोय. वाळलेली बोंडं पोतंभर ठेवली आहेत. पहिल्या पावसाच्या तोंडावर ती सगळ्या माळावर उधळून दिली तर? मधमाश्या येतील, माळ रंगीत होईल. पोरगं म्हणतंय, आपलं कास पठार करू, लोक फोटो काढायला येतील. यात काही वावगं आहे का? आणि यंदा परत दहा गुंठे लावायचा विचार आहे, तर जाणकारांनी लागवडीचंही सांगावं. मागच्या वेळी सगळं मेव्हण्याच्या भरवशावर होतं.

बेधडक | १० जून, रात्री ११:०५

उधळा की राव. तसाही तो माळ पडीकच आहे. आधी फोटो टाका, फोटोशिवाय धागा म्हणजे शेंगाचटणीशिवाय भाकरी.

अक्षता | ११ जून, सकाळी ७:१५

माळाचं मला कळत नाही, पण गलांड्याचा विषय निघालाच आहे तर माझं रडगाणं ऐकाच. जुळे सोलापुरात गच्चीवर सहा कुंड्यांत लावला होता. चांगली माती, गांडूळखत, सकाळ-संध्याकाळ पाणी. पानं हातभर, फूल एक नाही. मग बुडातून काळा पडून एकेक झाड बसलं. सहापैकी एक वाचलं, तेही टाकीमागं ठेवलेलं, ज्याला पाणी द्यायला मी विसरायची.

मालदांडी | ११ जून, दुपारी १:३०

अक्षताताई, तुमच्या टाकीमागच्या कुंडीनंच तुम्हाला उत्तर दिलंय. लाडानं बिघडणारं पोर आहे हे. मूळ कुजलं पाण्यानं, आणि पाला माजला गांडूळखतानं. नत्र जास्त झालं की हे झाड फूल विसरतं. कुंडीत निम्मी माती, निम्मी जाड वाळू नाहीतर बारीक मुरूम घ्या. वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. गच्चीवर सगळ्यात जास्त ऊन लागतं तिथं ठेवा. फूल सुकलं की दांड्यासकट खुडत जा, बी धरू दिलं की झाड दमतं.

कोरडवाहू, आम्ही मंगळवेढ्याकडचे. काळ्या जमिनीचा आम्हाला माज, पण या पिकाला आमची काळी सोसत नाही. एका पावसाळ्यात सखल कोपऱ्यातला गलांडा तीन दिवस पाण्यात राहिला, तेवढा पट्टा जागेवर गेला. तुमचा मुरूम यासाठी सोनं आहे.

बी टाकायचं तर आता आठवडाभरात उरका. बी टाकल्यापासून फूल दिसायला तीन, साडेतीन महिने लागतात. नवरात्र धरायचं असेल तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बी वाफ्यात पडायला हवं. लोक जुलैत लावतात, त्यांचा माल दसरा उलटल्यावर येतो, मग आडत्याच्या नावानं बोटं मोडतात.

गादीवाफा करा, मीटरभर रुंद, वीतभर उंच. चाळलेलं शेणखत आणि पोयटा मिसळा. बोटभर अंतरावर रेघा ओढून बी टाका, वरून मातीचा नुसता पापुद्रा. खोल गेलं तर उगवत नाही, त्याला उजेड लागतो. झारीनं पाणी. मुंग्यांवर लक्ष ठेवा, माझं एकदा अर्धं बी वारुळात गेलं होतं. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. चार-सहा पानांवर आलं, म्हणजे साधारण महिन्या-सव्वा महिन्यानं, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर लावायचं.

अंतर दोन ओळींत दोन फूट, दोन रोपांत दीड फूट. दहा गुंठ्यांत पावणेचार हजार रोपं बसतात, मर धरून साडेचार हजार तयार ठेवा. जवळ लावाल तर पावसाळ्यात वारा खेळत नाही, पानांवर ठिपके आणि भुरी येते. रोपं रुजली की शेंडा खुडा. आठ-दहा दिवस फूल लांबतं, पण फुटवा दुप्पट होतो. नवरात्राचं गणित मांडताना ते आठ-दहा दिवस मात्र विसरू नका.

माळाचं काही बोलत नाही, तो माझा प्रांत नाही.

शेंगाचटणी | ११ जून, संध्याकाळी ६:५०

धागा वाचून चमकलोच. मूळचा भवानी पेठेतला, सध्या मुक्काम टेक्सास. हे फूल इथलंच आहे मंडळी! अमेरिकेचा दक्षिण आणि मध्य भाग, उत्तर मेक्सिको, हे त्याचं माहेर. इथे 'इंडियन ब्लँकेट' म्हणतात. हे इंडियन म्हणजे आपण नव्हे, इथले मूळ रहिवासी, त्यांच्या विणलेल्या घोंगड्यांसारखे रंग म्हणून. दुसरं नाव 'फायरव्हील'. शेजारच्या ओक्लाहोमानं तर १९८६ मध्ये त्याला आपलं राज्य-रानफूल करून टाकलं. त्या राज्याच्या पश्चिम टोकाला पाऊस सोलापूरपेक्षाही कमी पडतो, तेव्हा कोरडवाहूंच्या मुरमाशी त्याचं का जमलं याचं नवल नको.

एप्रिल-मे-जूनमध्ये गाडी काढली की हायवेच्या दोन्ही अंगांना मैलोगणती लाल-पिवळं. इथला रस्ते विभाग दरवर्षी रानफुलांचं बी मुद्दाम पेरतो आणि फुलांचं बी पडेपर्यंत कडेचं गवत कापत नाही. बी शरद ऋतूत पहिल्या ओलीवर उगवून जमिनीलगत पानांचं चक्र करून थंडीभर दबून बसतं, आणि ऊन तापायला लागलं की दांडा वर काढतं. आपल्याकडं त्यानं पावसाळ्याचं वेळापत्रक उचललेलं दिसतंय.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बायकोला म्हणालो, "हे बघ, हायवेला हार घातलाय." लहानपणी सिद्धेश्वराच्या देवळाबाहेर बघितलेलं फूल, मला आपलं वाटायचं ते तिथलंच.

बेधडक | ११ जून, रात्री ८:१०

म्हणजे तिथलं सरकार पेरतंय आणि आपण विचारत बसलोय! उधळा हो.

पवन्या | १२ जून, दुपारी ४:२०

बेधडकराव, तिथं पेरतात कारण ते तिथलं आहे. सगळा फरक त्या एका शब्दात आहे.

कोरडवाहू, आधी हात जोडून विनंती: बोंडांचं पोतं उघडू नका. आता कारण सांगतो, जरा लांबेल.

'पडीक' या शब्दानं आपल्या माळांचं जेवढं वाटोळं केलं तेवढं दुष्काळानंही केलं नसेल. तुमच्या शेताला लागून जो माळ आहे तो रिकामा नाही. पावसाळ्यात एकदा गुडघ्यावर बसून बघा. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं तर आहेतच, पण गलांड्याचे सख्खे चुलतेही तिथं राहतात. सूर्यफुलाच्या कुळातली किती मंडळी या कोरड्या माळावर आहेत! पिवळी सोनकडी आहे. आणि सगळ्यात देखणी उटकटारी: पांढुरक्या-निळसर काटेरी चेंडूंची. तो चेंडू म्हणजे एक फूल नव्हे, आणि गलांड्यासारखी एक फुलोऱ्याची थाळीही नव्हे. त्यातला प्रत्येक काटेरी तुकडा म्हणजे एकाच फुलाचा स्वतंत्र फुलोरा, आणि असे अनेक मिळून चेंडू होतो. इतकी कारागिरी आपल्या माळावर फुकट उभी असताना आपण पोतं घेऊन निघालोय.

याच माळावर जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत. चंडोल आहेत, धाविक आहे. नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, ते गवतासाठीच. माळढोकाला झाडी नको, ताटवा नको, त्याला लांबवर दिसणारी मोकळी जमीन हवी. विणीचा काळ हाच, पावसाळ्याचा. तुमचा गलांडा गुडघाभर वाढून दाटी करतो तोही याच काळात.

आता तुमच्याच लिहिण्यातली एक ओळ: "शेळ्यांनीही तोंड लावलं नाही." मला सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटली. गुरं पवन्या खातील, मारवेल खातील आणि गलांडा सोडतील. चार-पाच वर्षांत माळावर काय उरेल याचा हिशेब तुम्हीच करा. गावातल्या मेंढ्या कुठं जातील, तेही.

अमेरिकेतूनच आलेलं, याच कुळातलं, गुरं तोंड न लावणारं आणखी एक झाड आपण ओळखतो: गाजरगवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत आलं. पुढं काय झालं ते प्रत्येक बांधावर दिसतंय. त्याला आवरायला १९८४ मध्ये मेक्सिकोतले भुंगेरे आणून सोडावे लागले, आणि अजूनही ते हटलेलं नाही. गलांडा गाजरगवत होईल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या मुरमात तो विनापाणी उगवला, फुलला, हे तुम्हीच डोळ्यांनी पाहिलंय. आणखी पुरावा कशाला हवा?

आणि कास पठार कुणी पेरलेलं नाही. तिथं जे फुलतं ते जांभ्या खडकावर, धो धो पावसात, तिथल्या तिथं घडलेलं आहे. सोलापूरच्या माळाचं कास करायचं म्हणजे हुरड्यात नारळाचं पाणी ओतायचं.

बेधडक | १२ जून, संध्याकाळी ५:०२

परदेशी परदेशी काय करालाय बे? मिरची परदेशी, टोमॅटो परदेशी. सूर्यफूलही तिथलंच ना? आपल्या जिल्ह्यात एके काळी रानंच्या रानं पिवळी व्हायची, तेव्हा कुणी रडलं नाही. आणि वरच्या मित्राच्या आयडीतल्या शेंगा, त्याही दक्षिण अमेरिकेतल्या.

शेंगाचटणी | १२ जून, संध्याकाळी ५:२०

आयडी बदलणार नाही. चटणी सोलापूरचीच आहे.

पवन्या | १२ जून, संध्याकाळी ६:४५

बेधडक, मुद्दा रास्त आहे. सूर्यफुलाचे तेलासाठीचे वाण रशियातून आपल्याकडं १९६९ मध्ये आले, आणि मूळ रानफूल उत्तर अमेरिकेच्या गवताळ भागातलं. पण सूर्यफूल शेतात राहिलं. माणसानं पेरलं, कापलं, पुढच्या वर्षी नको वाटलं तर हरभरा केला. माळावर उधळलेलं बी परत गोळा करता येत नाही. शेतात खुशाल लावा, मीच रोपं मोजायला येतो.

आणि याच कुळातलं, काटेरी, कोरडवाहू, आपल्या मातीत मुरलेलं पीक हवं असेल तर करडई आहेच की. सोलापूरचं कोरडवाहू संशोधन केंद्र १९३३ पासूनचं, करडईवर तिथं किती काम झालंय. तिला मात्र हारात कुणी घेत नाही, हे मान्य.

बाळीवेस | १३ जून, सकाळी ५:५५

पहाटेचा बाजार उरकून लिहितोय. आमच्या तीन पिढ्या हार करण्यात गेल्या. गलांड्याबद्दल खरं सांगायचं तर हे मानाचं फूल नाही, भरतीचं फूल आहे. हारात शेवंती-झेंडूच्या मध्ये ते जातं, वजन आणि रंग भरायला. त्यामुळं झेंडू महाग झाला की गलांडा वधारतो, झेंडू मातीमोल झाला की गलांड्याला कुणी विचारत नाही. कोरडवाहूंचा मे महिना असाच गेला असणार. लग्नाचे मुहूर्त आटपले आणि माल एकदम आला, की आम्हीसुद्धा हात आखडता घेतो.

आपल्या भागाचं कॅलेंडर सोपं आहे. श्रावणी सोमवार, गणपती, तुळजापूरचं नवरात्र आणि कोजागरीची पायी यात्रा, दसरा-दिवाळी, पंढरीची कार्तिकी, मग संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. सप्टेंबर ते जानेवारी या पाच महिन्यांत तुमचं रान फुललेलं असेल तर रडायची वेळ येत नाही. एकदम सगळं लावू नका. पाच गुंठे आता, पाच गुंठे जुलैच्या शेवटी. दुसरा तुकडा गड्ड्याला कामी येईल.

तोडणीबद्दल एक. दव सुकल्यावर तोडा, पूर्ण उमललेलंच तोडा. अर्धवट फूल नंतर उमलत नाही. ओलं फूल पोत्यात भरलं की आत तापतं, सकाळी तोंड उघडलं की काळं आणि वास. करंडी नाहीतर सैल विणीचं पोतं घ्या, वरून ओला बारदाना पांघरा, पण आत पाणी मारू नका. वजन वाढवायला पाणी मारणारे आम्हाला हाताच्या स्पर्शानं कळतात, आणि मग पुढच्या वेळचा भावही त्यांना तसाच मिळतो.

आणखी एक. सिंगल फूल आणू नका. गेंदेदार, नळ्या-नळ्यांचं डबल फूलच ओवायला बरं पडतं.

अक्षता | १३ जून, सकाळी ९:३०

सिंगल-डबलचं काय असतं? माझ्या सहापैकी एकाला चक्रासारखं एकेरी आलं होतं, पाकीट तर डबलचं होतं.

पवन्या | १३ जून, सकाळी ११:१०

ताई, ज्याला आपण गलांड्याचं एक फूल म्हणतो ती फुलांची सभा असते. कडेला जिभेसारखी पसरट फुलं बसतात, त्यांना सहसा बी धरत नाही. मध्ये बारीक नळ्यांची गर्दी असते, बी तिथलं. डबल प्रकारात, म्हणजे बाजारात लोरेंझियाना म्हणतात त्यात, नळ्या फुगून मोठ्या होतात म्हणून गोंडा दिसतो. रानातलं मूळ फूल सिंगलच. मधमाश्या एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात, त्यामुळं घरचं बी धरलं की काही झाडं आजोबांवर जातात. डबल टिकवायचं तर पहिलं फूल दिसताच सिंगल झाडं उपटायची, बी चांगल्या गोंड्यांचंच धरायचं.

कोरडवाहू | १३ जून, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. पवन्यासरांचं वाचून पोरगं दोन दिवस फुरंगटून बसलंय, पण पोतं बांधलेलंच ठेवलंय. त्यातलंच मूठभर बी वाफ्यात टाकलं. म्हणजे सिंगलही निघणार, ते आता कळलं.

आणखी एक अडचण. मागच्या वर्षी तोडणीला घरच्या बायका होत्या. कारभारणीच्या मनगटाला आणि बोटांच्या बेचक्यात खाज, बारीक पुरळ. गाजरगवत उपटल्यावर तिला असंच होतं. योगायोग की काय?

अक्षता | १३ जून, रात्री १०:३०

योगायोग नाही. मी पेशानं फार्मासिस्ट, इथं तरी माझा उपयोग होऊ दे. या कुळातल्या बऱ्याच झाडांत सेस्क्विटर्पिन लॅक्टोन नावाची कडू द्रव्यं असतात, गाजरगवतात आहेत आणि गलांड्यातही. एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्यानंही कातडी पेटू शकते, शेवंतीनंसुद्धा. वहिनींना तोडणीला पाठवू नका, आणि गेल्याच तर पूर्ण बाह्या, हातमोजे, नंतर साबणानं हात. पुरळ आलंच तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, मनानं ट्यूब आणून चोळू नका. शेळ्या तोंड का लावत नाहीत त्याचं उत्तरही बहुधा याच कडूपणात आहे.

मालदांडी | १४ जून, सकाळी ६:४०

वहिनींच्या वाटणीचं काम पोराला द्या. कास पठार करायचंय ना त्याला!

कोरडवाहू | २० ऑक्टोबर, रात्री ११:१५

धागा वर काढतोय. कोजागरी झाली, आता जरा फुरसत.

पाच गुंठे जुलैच्या मध्यावर लावले, पाच ऑगस्टच्या शेवटी. सुरुवातीला मालदांडीकाकांचं ऐकून शेंडे खुडले आणि दर दोन दिवसांनी छातीत धस्स व्हायचं, की नवरात्र हुकतंय. पहिलं फूल घटस्थापनेच्या नऊ दिवस आधी दिसलं. ऑगस्टातल्या झडीत खालच्या कोपऱ्यातली साठ-सत्तर रोपं गेली, बाकी मुरमानं तारली. ठिबक टाकलं होतं, पण चार वेळाच सुरू केलं.

सिंगल निघाली, शंभरात पंधरा-वीस. उपटायला हात जात नव्हता, इतकी सुंदर होती. बाळीवेसकरांचं भरतीच्या फुलाचं गणितही खरं ठरलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पावसानं झेंडू काळा पडला आणि आमच्या फुलाला कधी नव्हे तो मान आला. कोजागरीला तर पोरानं तुळजापूर रस्त्यावर चालत जाणाऱ्यांसाठी पहाटे पाटी मांडली, हार घरीच ओवले. बाजारात चार दिवसांत मिळाले नसते तेवढे त्यानं एका रात्रीत आणले. आता तो कास पठाराचं नाव काढत नाही, हिशेबाची वही मागतो.

कुंपणापलीकडची आपोआप आलेली झाडं फुलायच्या आत उपटली. मोजली, एकशे बारा भरली. मागच्या वर्षी चाळीस-पन्नास होती.

पवन्या | २१ ऑक्टोबर, सकाळी ८:००

तो एकशे बारा आकडा वाचून दोनदा चहा घेतला. धन्यवाद. पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात एक चक्कर मारत राहा, जमिनीत बी असणारच. दिवाळीनंतर येतो, उटकटारी बघायला जाऊ.

बेधडक | २१ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

मीपण येणार. गाडीत जागा ठेवा. (मत बदललेलं नाही.)

अक्षता | २१ ऑक्टोबर, दुपारी २:२०

माझ्या वाळूच्या कुंडीत सध्या अकरा फुलं आहेत, काकांना कळवावं म्हणून लिहिलं. कोरडवाहू, ते पोतं अजून आहे का? मूठभर बी मिळेल?

कोरडवाहू | २१ ऑक्टोबर, रात्री ९:३०

आहे की. पण ते जुनं नका घेऊ, यंदाचं निवडलेल्या गोंड्यांचं घ्या. बोंड तपकिरी होऊन बोटानं चुरलं की सुटतं, तेव्हा धरतोय, सावलीत वाळवून चाळणीवर घासतोय. प्रत्येक बियाला केसाळ बूड आणि वर कागदासारखे टोकदार पंख असतात, पंखा सुरू असला की घरभर होतं, कारभारणी ओरडते. येताना झाकणाचा डबा आणा. सिंगल निघालं तर मला फोन करायचा नाही, आधीच सांगून ठेवतो.